अनेक सालांचा गृहस्थ

काशीमिरा नाक्यावरून वरसाव्याच्या पुलाकडे निघालात, की हायवेच्या कडेने जड गाड्यांची गॅरेजं दिसू लागतात. त्यातल्या कुठल्याही एका गॅरेजात शिरा. लोखंडी टेबलावर, तेल पिऊन काळ्या पडलेल्या गोणपाटावर जे धूड ऐसपैस बसलेलं दिसेल, त्याच्याशी तुमची ओळख करून द्यायची आहे. हा टाटा ४०७ टेम्पोचा गिअरबॉक्स. कवच एका सालचं, मेन शाफ्ट दुसऱ्या सालचा, खालचा लेअर शाफ्ट तिसऱ्याच गाडीतून उतरवलेला आणि वरचं झाकण कुठलं, ते झाकणालाच ठाऊक. इतक्या ठिकाणच्या मालातून हा उभा राहिलाय, आणि त्याचा त्याला तिळभरही संकोच नाही.

त्याचं वय विचारू नका. गाडीच्या आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो, चासीचा नंबर असतो. याची मात्र तिथे नोंदच नाही. कारखान्यातून निघताना अंगावर आलेली पट्टी कधीच गळून पडलेली असते, किंवा ग्रीसच्या थराखाली गाडली गेलेली असते. जन्मदाखलाच नसल्यामुळे गिऱ्हाइकाला हा तरुण म्हणून दाखवता येतो आणि विमेवाल्याला म्हातारा म्हणून. मिस्त्रीला मात्र तो फसवू शकत नाही. मिस्त्री झाकण काढतो, बॅटरी मारतो आणि दातांच्या कडा बघूनच ओळखतो की स्वारीने किती पावसाळे पाहिलेत.

घराणं मोठं आहे. ४०७ बाजारात आली १९८६ साली. त्या काळात डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निसान असे जपानी हातमिळवणीतून आलेले चार हलके ट्रक मैदानात होते. टाटांनी आपली गाडी घरच्या घरी घडवली आणि ती या सगळ्यांना पुरून उरली. नाव आजही तेच आहे. पण एवढ्या वर्षांत इंजिनं बदलली, प्रदूषणाचे नियम बदलले, आणि गाडीच्या पोटातली मापंही हळूहळू सरकली. बाहेरून दोन पेट्या जुळ्या भावंडांसारख्या दिसल्या, तरी आत बेअरिंगचा व्यास वेगळा असू शकतो, शाफ्टवरच्या खाचा वेगळ्या असू शकतात, दातांची संख्याही वेगळी असू शकते. हे सरकलेपण म्हणजेच आपल्या गृहस्थाचा स्वभाव.

त्याचे अवयव येतात कटिंगला, म्हणजे भंगारात तोडायला गेलेल्या गाड्यांमधून. काही जवळपास मिळतात, काहींसाठी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात फेरी मारावी लागते. तिथे गिअर ढिगाने पडलेले असतात. दुकानदार एक उचलतो, फडक्याने पुसतो आणि छातीवर हात ठेवून सांगतो, “चारशे सातचाच आहे.” तो खोटं बोलत नसतो. गिअर ४०७ चाच असतो. कुठल्या सालच्या ४०७ चा, आणि त्याचा जोडीदार कुठे आहे, एवढंच तो सांगत नाही.

आणि जोडीदाराच्या बाबतीत हा गृहस्थ विलक्षण मानी आहे. पेटीत शिरतानाच दोन चाकांची एक कायमची जोडी असते. क्लचकडून येणाऱ्या शाफ्टवरचं छोटं चाक, आणि लेअर शाफ्टवरचं मोठं. ही दोघं कधीच सुटी होत नाहीत. गाडी चालू असो वा न्यूट्रलमध्ये उभी असो, क्लच सोडलेला असेल तर ती एकमेकांत फिरतच असतात. समजा, एका सालच्या जोडीत २० आणि ३७ दात आहेत आणि दुसऱ्या सालच्या जोडीत २२ आणि ३५. दोन्हींची बेरीज ५७, म्हणून दोन्ही जोड्या त्याच कवचात नीट बसतात. पण एकाचं छोटं आणि दुसऱ्याचं मोठं घेतलंत तर? २० आणि ३५ मिळून ५५ होतात, मधे फट राहते, दात नुसते टोकाटोकाने भेटतात. २२ आणि ३७ मिळून ५९ होतात, ते आत जातच नाहीत. घाईतला हेल्पर हातोडा उचलतो तो इथेच. चांगला मिस्त्री इथे खडू उचलतो. एका दातावर पांढरी खूण करून तो मोजत जातो, मोजून झाल्यावर पुन्हा मोजतो, आणि आकडे भिंतीवर लिहून ठेवतो.

आता बेरीज जुळली म्हणून हा खूश होईल असं समजू नका. २० आणि ३७ या आकड्यांना एक सोडून दुसरा सामाईक भाजक नाही. त्यामुळे छोट्या चाकाचा एक दात मोठ्याच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि छोट्या चाकाचे ३७ फेरे झाल्यावर पहिल्याकडे परततो. गिअर घडवणारे आकडे मुद्दाम असे निवडतात, म्हणजे झीज सगळ्या दातांवर सारखी वाटली जाते. वर्षानुवर्षं एकमेकांना भेटून दोघांच्या अंगावर एकमेकांची झिलई चढलेली असते. त्यातल्या एकाला काढून, दात मोजून अगदी बरोबर असा दुसरा आणून बसवलात, तरी जुना त्याला पटकन आपला मानत नाही. पेटी रडायला लागते. हा सूर काशीमिऱ्यातली पोरं लांबूनच ओळखतात. “जोडी वेगळी टाकलीय,” असं ती गाडी समोर यायच्या आधीच सांगतात. म्हणून जाणता मिस्त्री इतर सगळं वेगवेगळ्या सालचं चालवून घेईल, जोडी मात्र एकाच पेटीतून उचलेल. बाकी काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

आणि दुसऱ्या सालची अख्खी जोडी टाकली तर? मग आवाज येत नाही, पण चाल बदलते. वरच्या उदाहरणात जोडीचं गुणोत्तर १.८५ वरून १.५९ वर येतं. पहिल्या गिअरची पुढची जोडी तीनास एक असेल, तर एकूण साडेपाचच्या जागी पावणेपाच. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला भरलेला टेम्पो पुढच्या गाडीमागे थांबला आणि पुन्हा सुटायला लागला, की मालकाला हा हिशेब पायातून कळतो. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल याच पेटीच्या शेपटीतून निघते. तिथलं पिनियन भलत्या सालचं पडलं, तर हा काट्याला खोटं बोलायला लावतो.

बोलण्याची त्याला फार हौस आहे. त्याची भाषा शिकायला एक महिना पुरेल. न्यूट्रलमध्ये गुरगुरतो आणि क्लच दाबताच गप्प होतो, तर तक्रार पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगची किंवा त्या कायमच्या जोडीची. एकाच गिअरमध्ये ओरडतो, तर त्या गिअरच्या चाकांची. सगळ्या गिअरमध्ये रडतो आणि टॉपमध्ये शांत होतो, तर लेअर शाफ्टकडे बघा. टॉप थेट असेल, तर तेव्हा पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला सरळ जोडला जातो आणि लेअर शाफ्टवरचा भार उतरतो. जुने ड्रायव्हर स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कवचावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. या तपासणीत गृहस्थ काहीही लपवत नाही. लपवतो तो फक्त न ऐकणाऱ्यापासून.

त्याच्या सभ्यतेचं रहस्य पितळेत आहे. दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या चाकांना जोडण्याआधी एक पितळी कडं, ज्याला सगळे सिंक्रो म्हणतात, शंकूसारख्या पृष्ठभागावर दाबलं जातं आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करतं. मग दोघांना जोडणारी स्लीव्ह सरकते आणि गिअर पडतो. ही युक्ती कॅडिलॅकने १९२८ मध्ये प्रथम मोटारीत आणली. त्याआधी, आणि ट्रकांमध्ये त्यानंतरही पुष्कळ वर्षं, ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून, मधे न्यूट्रलला इंजिन उठवून वेग स्वतः जुळवावा लागे. म्हाताऱ्या ड्रायव्हरांचे पाय अजून ती सवय विसरलेले नाहीत, आणि आपला गृहस्थ त्यांच्यावर मनापासून खूश असतो.

पण वेगवेगळ्या सालच्या मालात सगळ्यात मोठी फसवणूक सिंक्रोतच होते. कडं दिसायला अखंड असतं, दात शाबूत असतात, पितळ चकाकत असतं. आतल्या बारीक खाचा मात्र झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. मिस्त्री ते कडं गिअरच्या शंकूवर अंगठ्याने दाबतो, फिरवून बघतो आणि गिअर व कडं यांच्यातल्या फटीत फीलर गेजची पाती सरकवतो. फट मापापेक्षा कमी भरली, तर कडं शंकूवर फार खोल गेलंय, पकड संपलीय. मग ते कितीही चकाकलं तरी भंगारात. दुसऱ्या सालचा शंकू जरा वेगळ्या कोनाचा असेल, तर कडं एकाच कडेला टेकतं. शंकूवर निळा रंग लावून बघितला की डाग कुठे लागला ते दिसतं. एवढी तपासणी करणारी गॅरेजं थोडी आहेत. ती ज्यांना सापडली, त्यांनी ती सोडू नयेत.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तर हा मुलखाचा चोखंदळ. गॅरेजात नव्वद नंबरचं तेल मागितलं की कुठल्याही डब्यातून पिवळं-तपकिरी तेल येतं. पण मागच्या एक्सलच्या क्राउन-पिनियनला जे जीएल-५ प्रतीचं तेल मानवतं, ते पितळी सिंक्रो असलेल्या पेटीला मानवेलच असं नाही. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं लोखंडी दातांचं रक्षण करतात, पण काही तेलांत ती पितळाला हळूहळू खातात, आणि तेलाचा निसरडेपणा सिंक्रोची पकड सोडवतो. बनवणाऱ्याने जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. “तेल तेल असतं” हे वाक्य याच्यासमोर बोलू नका.

एका गोष्टीत तो अगदी करारी आहे. एका वेळी एकच गिअर. झाकणाखाली सिलेक्टरच्या दांड्यांमधे छोट्या इंटरलॉक पिना असतात. एक दांडी हलली की बाकीच्या जागच्या जागी अडकतात. जोडाजोडीत एखादी पिन गोणपाटावरच राहून गेली, तर पेटी एकदम दोन गिअरमध्ये शिरते आणि तिथेच जाम होते. बसवताना दांड्या जागी धरणाऱ्या गोळ्या, स्प्रिंगा आणि या पिना ग्रीस लावून मोजून ठेवायच्या, आणि शेवटी ताटलीत एकही उरता कामा नये. स्प्रिंगा सगळ्या एकाच ताकदीच्या हव्यात. एक नवी आणि दोन थकलेल्या अशा टाकल्या, तर एक गिअर हाताला दगड लागतो आणि दुसरा चढावर आपोआप सुटतो.

नटण्यात मात्र तो कोणाला ऐकत नाही. केबिनमध्ये त्याचा दांडा वर येतो, त्याच्या टोकावर पारदर्शक मूठ, मुठीत लाल गुलाब किंवा देवाची तसबीर, आणि दांड्याच्या गळ्यात गोंडे. ड्रायव्हरचं सगळं प्रेम त्या मुठीवर. ते प्रेम अतिरेकाला गेलं की ड्रायव्हर चालवताना हात तिथेच ठेवतो. त्या हाताचं वजन दांड्यातून स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कवर उतरतं, फोर्क फिरत्या स्लीव्हला घासत राहतो आणि झिजतो. ज्याचा हात सतत मुठीवर, त्याची पेटी लवकर उघडावी लागते. खंडेनवमीला टेबलावरची उघडी पेटीही हळदकुंकू लावून घेते, झेंडूचं फूल अंगावर मिरवते. त्या दिवशी पान्यांना हात लागत नाही, आणि तो अर्धवट अवस्थेतही समाधानी दिसतो.

मीरा-भाईंदरने त्याला खूप काम दिलं. २००२ साली इथे महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासूनच इमारती उठत होत्या. विटा, वाळू, लाद्या, भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतली स्टीलची भांडी, सगळं त्याच्याच जिवावर हललं. उत्तन, चौक, पाली इथून बर्फातली मासळी निघते तेव्हा खारं पाणी फळ्यांतून झिरपत चासीवर उतरतं. बोल्ट गंजतात, कवचाला पांढुरका थर येतो. त्याच्या डोक्यावर एक इवलंसं नाक असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. चिखलाने ते बुजलं, की आतली तापलेली हवा कोंडते आणि सील फोडून तेल बाहेर ढकलते. पावसाळ्यात तापलेली पेटी तुंबलेल्या पाण्यात शिरली तर उलटं होतं. अंग एकदम थंड पडतं, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. नंतर बूच उघडलं की तेल दुधाळ निघतं. ते तेल त्याच दिवशी बदला. पुढच्या आठवड्यावर ढकललंत तर बेअरिंगं गंजून बसतात.

वरसावे पुलावरच्या कोंडीशी त्याचं जुनं वैर आहे. २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला, थोडा मोकळा श्वास मिळाला. तरी मुंबईत जड गाड्यांना बंदी असलेल्या वेळा संपेपर्यंत रांगा लागतात, आणि रांगेत गाडी पहिला-दुसरा-पहिला एवढंच करत सरकते. म्हणून इथल्या पेट्यांत पहिल्या-दुसऱ्याचे सिंक्रो आधी जातात. चौथ्या-पाचव्याचे नव्यासारखे असतात. दूरच्या हायवेवरून आलेल्या पेटीचं अंग नेमकं उलट झिजलेलं असतं. मिस्त्री दोन्ही उघडतो, एकीचं हे घेतो, दुसरीचं ते घेतो, आणि वेगवेगळ्या आयुष्यांतले चांगले भाग एकत्र आणतो. हे काम बघताना मला कारागिरीबद्दल जो आदर वाटतो, तो नव्या पेटीचं खोकं उघडताना वाटत नाही.

त्याचे हाल होण्याची एक जागा सांगायलाच हवी. बंद पडलेला टेम्पो न्यूट्रलमध्ये, मागची चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढत आणला, तर चाकं प्रोपेलर शाफ्ट फिरवतात, शाफ्ट पेटीतला मेन शाफ्ट फिरवतो, पण इंजिन बंद असल्याने लेअर शाफ्ट थांबलेला असतो. तेल वर उडवण्याचं काम लेअर शाफ्टचंच. म्हणजे मेन शाफ्ट वरच्या चाकांत आणि बेअरिंगांत कोरडा फिरतो. अशी पेटी उघडली की शाफ्ट निळा पडलेला दिसतो. ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट सोडा. चार बोल्टचं काम आहे, अंधारात आणि पावसात कंटाळा येतो हे खरं, पण करा.

ओतीव अंगाला हातोडा सोसत नाही, म्हणून बेअरिंग ओढायला पुलर आणि ठोकायला पितळेची दांडी. जुन्या कवचात बेअरिंगची जागा सैल झाली असेल, तर काही जण आत पंचने खळगे पाडून पकड आणतात. ती पकड थोडे दिवस टिकते. लेथवर जागा मोठी करून आत बाही बसवणं हे खरं काम, पण वेळखाऊ. शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल शिमच्या पातळ चकत्यांनी बसवायची. वेगळ्या सालचं झाकण आलं की जुना शिम चालत नाही, माप नव्याने घ्यावं लागतं. हे सगळं मनासारखं झालं, की हा गृहस्थ बदलतो. दांडा दोन बोटांनी सरकतो. गिअर पडताना एक बारीक, तेलकट, भरीव टक् असा आवाज येतो. तो मालकाला ऐकवण्यासाठी मिस्त्री चार वेळा उगाचच गिअर टाकून दाखवतो.

मला राग येतो तो याला खोट्या नावाने विकणाऱ्यांचा. बाहेरून चंदेरी रंगाचा फवारा मारतात, नवं पॅकिंग लावतात आणि “कंपनी फिटेड” म्हणून टेम्पोसकट गळ्यात मारतात. घेणारा बहुधा हप्त्यावर गाडी घेतलेला, स्वतःच चालवणारा माणूस असतो. पेटी बसली की त्याची रोजी बसते. अनेक सालांची पेटी असणं यात कमीपणा काहीच नाही. नीट मोजून बांधलेली अशी पेटी वर्षानुवर्षं चालते आणि नव्याच्या निम्म्या पैशातही कित्येकदा काम होतं. कमीपणा आहे तो न मोजता बांधण्यात, आणि बांधलेलं न सांगण्यात.

तेव्हा जुना टेम्पो घ्यायला गेलात, तर इंजिनाइतकीच याचीही चौकशी करा. गाडी उभी असताना क्लच दाबून-सोडून आवाज ऐका. मग चढावर घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम सोडा, दांडा उडतो का बघा. बूच उघडून तेलाचा रंग बघा, बोटांत चोळून पितळेची चमक आहे का तेही बघा. मालकाला सरळ विचारा की कायमची जोडी एकाच पेटीची आहे का. आणि गॅरेजवाल्या मंडळींना माझी विनंती आहे: पेटी बांधून झाली की एक कागद करा. कवच कुठल्या सालचं, जोडीचे दात किती, सिंक्रो कुठले नवे, कुठले जुने, तेल कुठलं, तारीख कुठली. त्यावर गॅरेजचा शिक्का मारा आणि तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. पुढचा मिस्त्री ती पेटी उघडेल तेव्हा त्याचे दोन दिवस वाचतील.